दाखला

परवा संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो होतो. एक पोरगा खांद्यावर किट सावरत मित्राला सांगत होता, "पुढच्या वर्षी शाळा बदलतोय." या मैदानाने हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल!

सचिन तेंडुलकर आधी बांद्र्याच्या आयईएसच्या शाळेत होता. आचरेकर सरांनी सुचवलं म्हणून शारदाश्रमात आला आणि पुढे पार्काजवळ काका-काकूंकडे राहिला. १९८८च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्डमध्ये कांबळीबरोबर ६६४ची नाबाद भागीदारी झाली, ती शारदाश्रमच्या नावावर. जुनी शाळा दावा लावणार तरी कशावर? करारच नव्हता. असता तरी अज्ञान मुलाचा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरीबीबीच्या खटल्यात सांगून ठेवलंय.

मग शाळेच्या हातात उरतो तो दाखला. माझा मामेभाऊ क्रिकेटसाठी शाळा बदलत होता, तेव्हा जुन्या शाळेने तो जूनअखेरपर्यंत अडकवला. आज क्लार्क रजेवर, उद्या सही राहिली. मामाने किती खेटे घातले असतील!

अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना आता पैसे मिळतात, तेव्हा करार आले आणि मागोमाग वकीलही. २०२५च्या जूनमध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाने मायामी विद्यापीठावर दावा लावला. तक्रार अशी, की आमच्याशी करार केलेला फुटबॉलपटू तुम्ही फूस लावून नेलात.

आपल्याकडे असं प्रकरण कोर्टात गेलं ते श्रीरामपूरच्या झहीर खानचं. शाळा नव्हे, एजंट कंपनी. २००० साली परसेप्टशी ३ वर्षांचा करार झाला. त्यात अट होती, की मुदत संपल्यावरही दुसऱ्याची ऑफर आधी आम्हाला दाखवायची. आम्ही तेवढंच दिलं तर आमच्याकडेच राहायचं. मुंबई हायकोर्टातून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. मार्च २००६मध्ये निकाल लागला, की करार कायद्याच्या कलम २७ खाली ही अट चालणार नाही. मुदत संपली की माणूस मोकळा. मला पटतं. मुदतीच्या आतली गोष्ट अर्थात वेगळी.

असो. मामेभाऊ नव्या शाळेकडून पहिलीच मॅच खेळला ती नेमकी जुन्या शाळेविरुद्ध. त्याला बॅट धरायला शिकवणारे पीटीचे सर समोरच्या तंबूत होते. त्याने चौकार मारला आणि सरांचे हात टाळीसाठी वर आले, मग हळूच खिशात गेले. मॅचनंतर मामाने त्यांना चहाला नेलं. दाखल्याचा विषय कोणीच काढला नाही.