झुंबरें आणि जमाखर्च

नव्यानें सजविलेली वास्तु विकत घेणाऱ्यानें तिचीं झुंबरें पाहावीं कीं जमाखर्चाची वही? आमच्या मतें न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलाच्या इतिहासांत याचें उत्तर आहे. १९०७ सालीं उघडलेलें हें हॉटेल डोनाल्ड ट्रंप यांनीं १९८८ त सुमारें ४० कोटि डॉलर्सना घेतलें व त्याचें नूतनीकरण आरंभिलें. परंतु उत्पन्न व्याजास पुरेना, आणि १९९२ त प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायालयांत गेलें. २००४ सालच्या खरेदीदारानें तें जवळजवळ तीन वर्षें बंद ठेवलें, पुष्कळ खोल्यांचीं निवासस्थानें करून विकलीं, व २००८ त उरलेलें हॉटेल नव्या थाटांत उघडलें.

असें सजलेलें प्लाझा २०१२ त आपल्याकडील सहारा समूहाच्या मालकींत बहुतांशीं आलें. त्याच वर्षीं या समूहाच्या दोन कंपन्यांनीं गुंतवणूकदारांचे पैसे परत करावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें दिला. २०१४ त समूहाचे संस्थापक तिहार कारागृहांत असतां तेथूनच हॉटेलांच्या विक्रीच्या वाटाघाटी चालल्या. अखेर २०१८ त कतारच्या कंपनीनें प्लाझा घेतलें.

दोन्ही वेळां वास्तु शाबूत होती. डळमळला तो मालक, आणि तोही देण्याच्या भारानें. आम्हां मध्यमवर्गीयांस हॉटेल घ्यावयाचें नाहीं, हें खरें. परंतु आमची पुंजी ज्यांच्या स्वाधीन करावयाची, त्यांच्या दिवाणखान्याची शोभा पाहून न भुलतां, खर्च व व्याज वजा जातां त्यांच्यापाशीं काय उरतें, एवढें विचारण्याचा अधिकार आम्हीं सोडूं नये.