करप्याचें बळ

आषाढ-श्रावणांत पिरंगुटाहून उरवड्याकडे वळणाऱ्यास पाण्यानें तुडुंब भरलेलीं भातखाचरें दिसतात. मुळशी-मावळचा सुवासिक आंबेमोहोर हा अशाच खाचरांतला, आणि करपा हा त्याचा जुना वैरी. पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडतात, पुढें लोंबीची मान काळी पडते व दाणा भरत नाहीं. १६३७ सालच्या एका चिनी ग्रंथांतहि या रोगाची नोंद आहे. ढगाळ दमट हवा हें त्याचें निमित्त खरें. कारण मात्र एक सूक्ष्म कवक.

या कवकाचा बीजाणु पानास चिकटून अंकुरतो व टोकाशीं घुमटासारखी एक पेशी बांधतो. सांठविलेल्या मेदापासून व ग्लायकोजेनपासून तेथें ग्लिसरॉल बनतें, पेशी पाणी ओढून घेते आणि आंतील दाब वातावरणाच्या सुमारें ८० पट होतो. त्या जोरावर एक बारीक खुंटी पानाची साल भेदून आंत शिरते. बाहेरून अन्नाचा कणहि न मिळालेल्या बीजाणूस एवढें बळ येतें कोठून?

बेंडा या जर्मन शास्त्रज्ञानें १८९८ सालीं पेशींतील ज्या कणांचें ग्रीक शब्दांवरून नामकरण केलें, त्यांस मराठींत तंतुकणिका म्हणतात. अन्नाच्या ज्वलनांतून शक्ति देणारी भट्टी ती हीच, हें केनेडी व लेनिंजर यांनीं १९४८-४९ च्या सुमारास अमेरिकेंत दाखविलें. करप्याच्या कवकांतील या कणिकांचें विभाजन घडविणारें जनुक काढून टाकलें, कीं त्याची मारकशक्ति ढांसळते.

गंमत अशी कीं, या भट्टीवरचें शस्त्रहि एका कवकानेंच पुरविलें. पाइनच्या गळलेल्या फळांवर उगवणाऱ्या एका भूछत्रांत १९७७ सालीं आंके व स्टेग्लिश यांस तें द्रव्य सांपडलें. त्याच्या धर्तीवर केलेलें ॲझॉक्सिस्ट्रॉबिन १९९६ सालीं बाजारांत आलें, आणि अवघ्या दोन वर्षांत उत्तर जर्मनींतील गव्हाची भुरी त्यास दाद देईना! एका प्रथिनाच्या १४३ व्या स्थानीं ग्लायसीनऐवजीं ॲलानीन आलें, एवढाच काय तो फेर. आणि त्याचें जनुक केंद्रकांत नव्हे, तंतुकणिकेच्याच पोटांत असतें.

आंबेमोहोर उतारा कमी देतो व करप्यास लवकर बळी पडतो. १९८७ सालीं आंबेमोहोर-१५७ व आय. आर. ८ यांच्या संकरांतून निघालेल्या इंद्रायणीनें त्याचीं पुष्कळ खाचरें घेतलीं आहेत.