बॉयलरचा काटा उतरतो तेव्हा

ब्रिटनमध्ये थंडी सुरू झाली, की घराघरांतील बॉयलर जागे होतात आणि त्यांच्याबरोबर एक जुनी तक्रारही डोके वर काढते. बॉयलरवरील दाबमापकाचा काटा दर चार-आठ दिवसांनी खाली आलेला दिसतो. घरातील मंडळी नळाच्या पाण्याची तोटी उघडून काटा पुन्हा जागेवर आणतात आणि विषय तेवढ्यापुरता मिटतो. नोकरीनिमित्त तिकडे घर केलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रकार सुरुवातीला किरकोळ वाटतो. वरून गार पाणी ओतावे आणि तोटीतून गरम घ्यावे, ही आपल्याकडच्या तांब्याच्या बंबाची रीत. त्यात नवे पाणी घालण्यात वावगे काहीच नव्हते. बंदिस्त हीटिंगमध्ये मात्र नेमके हेच नवे पाणी घातक ठरते.

या व्यवस्थेत बॉयलर, नळ्या आणि रेडिएटर यांतून तेच ते पाणी वर्षानुवर्षे फिरत राहणे अपेक्षित असते. त्या पाण्यातील प्राणवायू पहिल्या काही दिवसांतच संपतो आणि गंजण्याची क्रिया मंदावते. दर खेपेस भरलेले ताजे पाणी नवा प्राणवायू घेऊन येते, गंजरोधक द्रावण पातळ करते आणि पोलादी रेडिएटर आतून खाऊ लागते. त्यातून तयार होणारा काळा गाळ पंपात आणि बॉयलरच्या अरुंद मार्गांत साचतो. म्हणजे चार थेंबांच्या गळतीची किंमत पुढे सबंध बॉयलरच्या रूपाने मोजावी लागू शकते.

व्यवस्था थंड असताना दाब साधारणतः १ ते १.५ बार ठेवतात. पाणी तापले की फुगते. दहा अंशांवरून ऐंशी अंशांपर्यंत तापवलेले शंभर लिटर पाणी जवळजवळ तीन लिटरने वाढते. या वाढीला जागा मिळावी म्हणून रबरी पडद्यामागे हवा किंवा नायट्रोजन भरलेले एक भांडे बसवलेले असते. त्याला एक्स्पान्शन व्हेसल म्हणतात. तरीही दाब ३ बारपर्यंत पोचलाच, तर सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी घराबाहेर काढलेल्या नळीतून निघून जाते. प्रेशर कुकरच्या सुरक्षा व्हॉल्व्हसारखेच हे काम.

काटा उतरला म्हणजे नळीच फुटली, असा निष्कर्ष घाईचा ठरतो. पुष्कळदा दोष या भांड्याचाच असतो. त्यातील हवा निघून गेली, की तापल्यावर दाब भराभर चढतो, व्हॉल्व्ह पाणी सोडतो आणि बॉयलर निवल्यावर काटा शून्याजवळ येऊन बसतो. बाहेरच्या नळीच्या तोंडाला रात्रभर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली, तर सकाळी या शंकेचे बव्हंशी निरसन होते. एकदा उघडलेल्या व्हॉल्व्हमध्ये गाळाचा कण अडकून तो पुढेही ठिबकत राहतो, हेही ध्यानात ठेवावे.

पिशवी कोरडी निघाली, तर पुढचा प्रश्न गळती बॉयलरमध्ये आहे की घराच्या नळ्यांत, हा असतो. बॉयलर बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावा, दाब १.५ बारवर आणावा, पाणी भरण्याची जोडनळी बंद असल्याची खात्री करावी आणि बॉयलरखालचे जाणाऱ्या व परतणाऱ्या पाण्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करावेत. एरवी जेवढ्या वेळात काटा स्पष्टपणे उतरतो, तेवढा वेळ त्यास हात लावू नये. काटा उतरलाच, तर दोष बॉयलरच्या बाजूला आहे. स्थिर राहिला, तर गळती नळ्यांत किंवा रेडिएटरांत. या अवस्थेत बॉयलर चुकूनही पेटवता कामा नये.

किती पाणी गेले, याचा अंदाजही काट्यावरून बांधता येतो. भांडे आठ लिटरचे असेल आणि त्यात आधी ०.७५ बार हवा भरलेली असेल, तर दाब १.५ वरून १ बारवर येण्यासाठी सुमारे १.४ लिटर पाणी जावे लागते. एवढे पाणी आठवड्याभरात थेंबाथेंबाने गेले, तर तापलेल्या नळीवरच ते सुकून जाते. छतावर डाग दिसत नाही. म्हणून ओल शोधण्यापेक्षा तांब्याच्या सांध्यांवरील हिरवट-पांढरे पुटकुळे आणि रेडिएटरच्या व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतालचा गंज शोधणे अधिक फलदायी.

नळ्यांची खरी कसोटी हातपंपाने होते. सर्व रेडिएटरांतील हवा काढून, बॉयलर व भांडे वेगळे करून पाण्याचा दाब वाढवतात. नव्या जोडकामासाठी कमाल कार्यदाबाच्या दीडपट, म्हणजे ३ बारला ४.५ बार, ही रूढ पद्धत आहे. जुन्या घरात एवढी मजल मारण्यापूर्वी रेडिएटरांची मर्यादा पाहणे शहाणपणाचे. झिजलेला पत्रा चाचणीतच फुटण्याची शक्यता असते. भांड्याची उशी निघाल्यामुळे ही चाचणी विलक्षण तिखट होते आणि थोडेसे पाणी निसटले तरी काटा हलतो. मात्र प्लास्टिकच्या नळ्या दाबाखाली किंचित ताणल्या जातात, त्यामुळे सुरुवातीची घसरण गळती समजू नये. पुन्हा दाब देऊन पाहावे. नंतर एकेक मजला, एकेक रेडिएटर बंद करीत गेले, की संशयाचे क्षेत्र आकुंचत जाते.

पाण्याऐवजी कॉम्प्रेसरची हवा भरण्याचा मोह काहींना होतो. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी दाब क्षणात ओसरतो. दाबलेली हवा मात्र स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवते आणि सुटलेला तुकडा गोळीसारखा उडू शकतो. शिवाय हवा तापमानाला फार संवेदनशील असते. काट्यावर २ बार असताना खोली वीस अंशांवरून दहा अंशांवर आली, तर गळती नसतानाही सुमारे ०.१ बार कमी दिसेल.

सर्वांत चिकट प्रकरण असते ते फरशीखाली काँक्रीटमध्ये गाडलेल्या तांब्याच्या नळ्यांचे. आवरणाविना बसवलेल्या अशा नळ्या बाहेरून कुरतडल्या जातात. तेथे पाणी काढून ५ टक्के हायड्रोजन व ९५ टक्के नायट्रोजन हे न पेटणारे मिश्रण कमी दाबाने सोडतात आणि फरशीवर संवेदक फिरवून छिद्र हुडकतात. उष्णता दाखवणारा कॅमेराही उपयोगी पडतो. गळती बुजवणारे द्रावण ओतणे हा उपाय स्वस्त खरा, पण मोठ्या छिद्रापुढे ते हतबल ठरते.

बॉयलरचे आवरण उघडणे हे गृहस्थाचे काम नव्हे. १ एप्रिल २००९ पासून ब्रिटनमध्ये गॅसचे काम ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंद असलेल्या तंत्रज्ञानेच करावे लागते. त्याआधी ही नोंद ‘कॉर्गी’कडे असे. दुरुस्तीनंतर पाण्यात गंजरोधक द्रावण पुन्हा घालून घ्यावे आणि थंड अवस्थेतील दाब तारखेनिशी टिपून ठेवावा. फरशी फोडावी लागणार असेल, तर आधी घराच्या विम्याची पॉलिसी वाचावी. अनेक पॉलिसींत गळती शोधण्याचा व तेथवर पोचण्याचा खर्च मिळतो, पण फुटलेल्या नळीच्या दुरुस्तीचा मिळेलच असे नाही.