गाडी थांबली की डब्यातले पंखे का मंदावतात?

पाथरीत रेल्वे स्टेशन नाही. गाडी पकडायची तर मानवत रोड नाहीतर सेलू गाठायचं. त्यात हा मार्ग एकेरी. समोरून गाडी येणार असली की आपली गाडी क्रॉसिंगला उभी. थांबा लांबला की जुन्या निळ्या डब्यात पंखे मंदावतात, दिवे मिणमिणतात. इंजिन तर चालू असतं, मग वीज जाते कुठं?

तर या डब्यांना इंजिनाकडून वीज मिळतच नाही. प्रत्येक डबा आपली वीज आपणच तयार करतो. डब्याखाली अल्टरनेटर टांगलेला असतो. चाकाचा आस फिरला की तो पट्ट्यावर फिरतो, पिठाच्या गिरणीसारखा. साध्या डब्याला साधारण साडेचार किलोवॅटचा एक पुरतो, एसी डब्याला सहसा २५ किलोवॅटचे दोन लागतात. गाडी वेगात असली की दिवे-पंखे चालतात आणि बॅटरीही भरते. थांबली की सगळा भार ११० व्होल्टच्या त्या बॅटरीवर. ती जुनी झाली असेल तर मे महिन्यात जनरल डब्याचं काय होतं, हे सांगायला नको. बरं, ही वीज फुकटही नाही. अल्टरनेटर फिरवायचा म्हणजे इंजिनाला तेवढा जास्त जोर लावावा लागतो.

एलएचबी डब्यांचं गणित वेगळं आहे. तिथं आधी गाडीला जनरेटरचे डबे जोडायचे. डिझेल जळायचं, आवाज तर विचारूच नका. आता विजेवरचं इंजिन वरच्या तारेतली २५ हजार व्होल्टची वीज घेतं, त्यातली काही ७५० व्होल्टवर आणून मागच्या डब्यांना देतं. प्रत्येक डब्यातला ट्रान्सफॉर्मर ती आणखी उतरवतो. त्यामुळे गाडी उभी असली तरी एसी चालतो. कधीकधी मात्र चालत्या गाडीत तो क्षणभर बंद पडतो. तो बिघाड नसतो. दोन सबस्टेशनच्या हद्दीत तारेचा छोटा तुकडा मुद्दाम विजेविना ठेवलेला असतो, तो गाडी ओलांडत असते.

मनमाड-नांदेड मार्गावरही आता तारा आल्यात. मुंबई-जालना वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढवली, ती याच तारेवर धावते. छत्रपती संभाजीनगर-परभणी दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ३१ जुलै २०२५ ला मंजुरी दिली. दुसरा रूळ पडला की क्रॉसिंगचा थांबा सुटेल. तोवर जुन्या डब्यातून जाणार असाल, तर फोन गाडी पळत असतानाच चार्ज करून घ्या.