तळपायावरचा तीळ आणि एका अक्षराची चूक

तळहातावर तीळ असला की पैसा टिकतो, तळपायावर असला की परदेशवारी. हे तुम्हीही कधीतरी ऐकलं असेलच. आज त्याच तिळाची जरा वेगळी गोष्ट.

सुरुवात बॉब मार्लीपासून. हो, रेगेवालाच! १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याला, नखाखाली, मेलानोमा सापडला, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. अंगठा कापायला त्याने नकार दिला. ११ मे १९८१ ला तो गेला, अवघ्या ३६ व्या वर्षी.

तेव्हा या आजाराच्या जीन्सबद्दल फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. २००२ मध्ये ब्रिटनच्या सँगर इन्स्टिट्यूटमधल्या टीमला तपासलेल्या मेलानोमांपैकी साधारण दोन तृतीयांशांत 'बी-रॅफ' नावाच्या जीनमध्ये बिघाड दिसला. बहुतेक वेळा फक्त एक अक्षर बदललेलं, 'टी'च्या जागी 'ए'. वाटलं, गुन्हेगार सापडला!

पण पुढच्याच वर्षी गंमत झाली. अगदी साध्या, निरुपद्रवी तिळांमध्येही तोच बदल निघाला, आणि तोही बहुतेकांत. मग तिळाचा कॅन्सर का होत नाही? २००५ मध्ये डच संशोधकांनी दाखवलं की त्या पेशी थोडा काळ वाढतात आणि मग ब्रेक लागल्यासारख्या थांबतात. म्हणजे तीळ ही थांबलेली गाडी आहे.

हातापायांचं प्रकरण मला सगळ्यात भारी वाटतं. तळहात-तळपायावरच्या तिळांतही बहुतांशी तोच बी-रॅफचा बदल असतो. पण तिथल्या मेलानोमात तो बराच कमी सापडतो. त्याऐवजी क्रोमोसोमचे तुकडे जास्तीचे झालेले दिसतात. २००५ मध्ये अमेरिकेत १२६ मेलानोमांची तुलना झाली, त्यात हा फरक ठळक दिसला. उन्हाचा हात इथे फारसा नाही. आपल्यासारख्या सावळ्या लोकांना मेलानोमा कमी होतो, पण झाला तर बऱ्याचदा तळपायाला नाहीतर नखाखालीच. आणि तिथे बघतं कोण!

मग साधा तीळ ओळखायचा कसा? जपानच्या तोशिआकी साइदांनी त्वचेच्या रेषांकडे पाहिलं. तळपायालाही बोटांच्या ठशांसारखे चर आणि उंचवटे असतात. साध्या तिळाचा रंग सहसा चरांमध्ये बसतो, मेलानोमाचा उंचवट्यांवर. त्वचेचे डॉक्टर आजही डर्मोस्कोप लावून आधी तेच बघतात.