परवान्यातला न लिहिलेला शब्द

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होतात आणि निर्णय फाशांवर सोपवतात. इथे पटापेक्षा नियमांचे पुस्तक महत्त्वाचे. म्हणूनच नवी आवृत्ती निघाली की जुन्या नियमांनी खेळणाऱ्यांची पंचाईत होते. त्यांच्यासाठी नवी कथानके छापणार कोण? याचे उत्तर मला परवान्यांच्या कलमांत सापडले.

मूळची टीएसआर कंपनी १९९७ मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली. २००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीबरोबर रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने ‘ओपन गेम लायसन्स’ आले. नियमांचा मूळ मसुदा कोणीही वापरावा, बदलावा, छापून विकावा, स्वामित्वधन नको. नवव्या कलमाने आणखी एक मुभा दिली : परवान्याची सुधारित आवृत्ती आली, तरी आधीच्या कोणत्याही ‘अधिकृत’ आवृत्तीखाली काम चालू ठेवता येईल.

या मुभेचा लाभ जुन्या आवृत्त्यांना झाला. अमेरिकी कायद्यात पद्धतीवर स्वामित्वहक्क नसतो, तो तिच्या शब्दांकनावर असतो. हिशेबाच्या वह्यांवरून झालेल्या बेकर विरुद्ध सेल्डन खटल्यात (१८७९) हेच तत्त्व ठरले. स्टुअर्ट मार्शल आणि मॅट फिंच यांनी २००६ मध्ये ‘ओस्रिक’ काढले. तिसऱ्या आवृत्तीची मोकळी झालेली परिभाषा घेऊन त्यांनी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ खेळाच्या पहिल्या आवृत्तीचे नियम नव्या शब्दांत मांडले. बाजारातून गेलेल्या खेळाला पुन्हा प्रकाशक मिळू लागले.

२००८ मध्ये चौथ्या आवृत्तीसाठी वेगळा, कडक परवाना आला. एखादी मालिका त्याखाली नेली की ती जुन्या परवान्याखाली परत आणता येणार नाही, अशी त्यात सुरुवातीला अट होती. ‘पेझो’ या प्रकाशनसंस्थेने तो नाकारला आणि तिसऱ्या आवृत्तीच्याच पायावर २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ उभा केला.

खरी परीक्षा जानेवारी २०२३ मध्ये झाली. कंपनीच्या नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. जुना परवाना यापुढे ‘अधिकृत’ नाही, असे त्यात म्हटले होते. वर्षाला साडेसात लाख डॉलरपुढच्या विक्रीवर २५ टक्क्यांपर्यंत स्वामित्वधनही मागितले होते. २००० च्या मजकुरात परवाना ‘कायमस्वरूपी’ आहे असे लिहिले होते, पण तो ‘मागे घेता येणार नाही’ असे कुठेच लिहिलेले नव्हते. तेवीस वर्षांचे व्यवसाय या फरकावर टांगले गेले.

संतापाची लाट उसळली आणि २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली आले. तो परवाना मागे घेता येत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. तिसऱ्या आवृत्तीचा मसुदा मात्र तेव्हा जुन्याच परवान्यावर राहिला. माझ्या मते या प्रकरणाचे मर्म इथेच आहे : ज्या आवृत्तीची बाजारपेठ जिवंत होती, तिला पक्के संरक्षण मिळाले, ‘ओस्रिक’सारखे जुने खेळ ज्या मजकुरावर उभे होते, त्याला कंपनीच्या शब्दावरच विसंबावे लागले.