गरोदरपणातील हिपॅटायटिस बी : आईची तपासणी आणि बाळाचे पहिले २४ तास

हिपॅटायटिस बी हा यकृताचा, म्हणजे लिव्हरचा विषाणूजन्य आजार आहे. काही भागांत लोक याला 'पांढरी कावीळ' म्हणतात. मात्र अनेकांचे डोळे कधी पिवळे होतच नाहीत. बाई धडधाकट असते, घरचं सगळं काम करते आणि गरोदरपणातल्या रक्ततपासणीत पहिल्यांदाच कळतं की 'एचबीएसएजी' पॉझिटिव्ह आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात जवळपास ३ कोटी लोकांना हा संसर्ग होता.

बाळाला धोका किती?

हा विषाणू आईकडून बाळाकडे जातो तो बहुतेक वेळा प्रसूतीच्या वेळी. धडधाकट मोठ्या माणसाला लागण झाली तर बहुतेक वेळा शरीर स्वतःच विषाणूला हरवते. नवजात बाळाचं तसं नसतं. जन्माच्या वेळी लागण झालेल्या १०० पैकी सुमारे ९० बाळांच्या शरीरात तो कायमचा राहतो आणि पुढे तरुणपणी किंवा मध्यम वयात लिव्हर सिरोसिस किंवा कॅन्सर होऊ शकतो.

आईने काय करावे?

प्रत्येक गरोदरपणात, शक्यतो पहिल्या तीन महिन्यांत, ही तपासणी करून घ्यावी. मागच्या वेळी निगेटिव्ह होती म्हणून या वेळी टाळू नये. पॉझिटिव्ह आल्यास रक्तातील विषाणूचे प्रमाण आणि लिव्हरची स्थिती तपासली जाते. प्रमाण जास्त असेल तर डॉक्टर टेनोफोविर हे औषध सुरू करतात. ते गरोदरपणात सुरक्षित मानले जाते. मात्र गोळ्या मनाने बंद करू नयेत. कावीळ उतरवणे, झाडपाल्याचे औषध यात वेळ घालवू नये. काही जडीबुटींनी लिव्हरला उलट इजा होते.

बाळासाठी काय?

हिपॅटायटिस बीच्या लसीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत मिळायलाच हवा. हा डोस सर्वच बाळांसाठी आहे. आई पॉझिटिव्ह असेल तर लसीसोबत, दुसऱ्या मांडीत, इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही द्यावे लागते, शक्यतो १२ तासांच्या आत. पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लसीतून मिळतात. हे सगळं वेळेवर झालं तर बहुतेक बाळं सुरक्षित राहतात. बाळ ९ ते १२ महिन्यांचे झाल्यावर त्याची रक्ततपासणी करून खात्री करावी.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तपासणी सासरच्या गावी आणि प्रसूती दुसऱ्याच दवाखान्यात, अशा वेळी रिपोर्ट मागे राहतो आणि ते २४ तास हातातून निघून जातात. म्हणून कार्ड आणि रिपोर्ट लेकीच्या पिशवीत आधीच ठेवा. इम्युनोग्लोब्युलिन कुठे मिळेल, याची चौकशी आठव्या महिन्यातच करा. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात (२०१८ पासून) तपासणी आणि औषधोपचार मोफत आहेत. आशाताई किंवा जिल्हा रुग्णालयात विचारावे.

गैरसमज नकोत

- आईचे दूध पाजता येते. स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर डॉक्टरांना विचारावे.
- केवळ या आजारासाठी सिझेरियनची गरज नसते.
- एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, बाळाला कुशीत घेतल्याने हा पसरत नाही. बाईचं ताट-पेला वेगळं करू नका.
- रक्त आणि शरीरसंबंधातून तो पसरतो. ब्लेड, रेझर, टूथब्रश, सुई प्रत्येकाची वेगळी हवी. कान टोचणे, खतना, अकीक्याचे मुंडण यासाठी निर्जंतुक अवजार किंवा नवीन ब्लेडच वापरावे.

दोष कुणाचा?

रिपोर्ट आला की पहिला संशय सुनेवर घेतला जातो. प्रत्यक्षात अनेकींना हा संसर्ग त्यांच्या स्वतःच्या जन्माच्या वेळी किंवा लहानपणी झालेला असतो, कधी दूषित सुईमुळेही होतो. त्यामुळे रिपोर्टवरून कुणाच्या चारित्र्याचा निकाल लावणे चूक आहे. नवरा, आधीची मुले आणि घरातील इतरांनी तपासणी करावी. निगेटिव्ह असल्यास लसीचे तीन डोस घ्यावेत. घरात भीती नसेल तरच बाई रिपोर्ट लपवणार नाही, आणि येणाऱ्या बाळाला लस वेळेत मिळेल.